शमीमचा खुराक

आमच्या घराची मागची भिंत आणि शमीमच्या घराची मागची भिंत एकच. एरंडोलातल्या माझ्या सगळ्या सकाळी त्या भिंतीपलीकडून उजाडल्या. शमीमचे वडील रहमानचाचा पिंजारी. थंडीची चाहूल लागली की गावातल्या चपट्या झालेल्या गाद्या-रजया त्यांच्या ओट्यावर येऊन पडायच्या आणि उजाडायच्या आत पिंजणीची तात वाजायला लागायची. टंव, टंव, टंव, आणि मधेच एक लांबलेला टंऽव. तो आला की समजायचं, चाचांनी कापसाचा ढीग उलटा केला. भाऊ, म्हणजे माझे वडील, त्या आवाजावर दाढी करायचे. अक्काचं, म्हणजे माझ्या आईचं, मात्र त्या कापसाशी उभं वैर होतं. गच्चीवर घातलेल्या पापडांवर, दह्याच्या पातेल्यावर, आमच्या वेण्यांमध्ये, जिथे बघावं तिथे कापसाची म्हातारी उडत येऊन बसलेली. अक्का वाटीभर कापूस वेचून भिंतीवरून पलीकडे टाकायची आणि ओरडायची, की तुमचा माल परत घ्या. पलीकडून शमीमची अम्मी हसायची. हे रोजचं होतं.

आता मी जळगावात सातव्या मजल्यावर राहते. फोम की काय म्हणतात त्या गादीवर झोपते, कंबर दुखते ती दुखतेच. सुनेला म्हटलं, मला कापसाची गादी करून आण. तिने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, आई, मिळते, पण ती मशीनची असते. मग राहू दे म्हटलं. मला गादी नकोच होती बहुतेक.

शमीम आमच्याकडे जेवायची. म्हणजे आमंत्रण वगैरे काही नाही, ती असायचीच. कॉलेज सुटलं की मैदान, मैदानावरून थेट आमची चूल. भाऊंचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, खाऊनपिऊन सुखी घर. अक्काचा हात सैल. थंडीत कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर ती वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे घालून लाकडी उखळात ठेचायची आणि कळण्याच्या पुऱ्या तळायची. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते पीठ, त्याची पुरी गव्हाच्या पुरीसारखी नाजूक नसते, चांगली जाडजूड असते. शमीम एका हातात पुरी आणि दुसऱ्या हातात कांद्याची पात धरून खायची, बोलायची नाही. तिच्या पुढ्यात ताट पडलं की अक्का तिच्याकडे बघत बसायची. मी सारखी नावं ठेवणारी, याला मीठ कमी, ते तिखटच. म्हणून अक्काची खरी लेक तीच, असं मी चिडून म्हणायचे, आणि अक्का बिनदिक्कत हो म्हणायची.

आम्ही दोघी खो-खो खेळायचो. खेळायचो म्हणजे काय, त्याच्याशिवाय आम्हाला दुसरं काही सुचतच नव्हतं. कॉलेजच्या मागे मैदान होतं. मैदान म्हणायचं म्हणून मैदान. सोनवणे सर आम्हाला शिकवायचे. ते खरे इतिहासाचे, पण शिट्टी गळ्यात घातली की त्यांना पानिपतसुद्धा आठवायचं नाही. दोन खांब आम्हीच रोवलेले. त्यातला मावळतीकडचा खांब रोवला आणि मग लक्षात आलं की त्याच्या अगदी बुडाशी एक काळा दगड जमिनीतून डोकं काढून बसलाय. सब्बल लावून पाहिली, भाऊंच्या दुकानातला हमाल आणून पाहिला, दगड हलेना. खांब हलवावा तर मागे बाभळी. सरांनी हात टेकले. आम्ही मुलींनी त्या दगडाचं नाव म्हातारी ठेवलं. म्हातारीवर पाय आपटला की अंगठ्याचं नख गेलंच म्हणून समजायचं. दसऱ्याला आम्ही तिला हळदकुंकू वाहायचो आणि सांगायचो, बाई गं, आमची नखं सोड.

खो-खो ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: पाठलाग करणारीला मधल्या पाटीतून, म्हणजे बसलेल्या मुलींच्या रांगेतून, आरपार घुसता येत नाही, तिला खांबापर्यंत जाऊन वळावं लागतं. म्हणून खरी गंमत खांबाशी. चांगली खेळाडू खांबाला हात घालते, अंग भिरकावते आणि फार जागा न घेता वळते. आम्हीही उगवतीच्या खांबाला तसंच वळायचो. पण मावळतीच्या खांबाला मात्र आमच्या कॉलेजातली प्रत्येक मुलगी एक पाऊल बाहेरून वळायची. कोणी शिकवलं नाही, पायांनीच शिकून घेतलं. संध्याकाळचा सराव, तोंडावर उन्हाची तिरीप, डोळे मिटल्यासारखे, आणि पाय आपोआप बाहेर. म्हातारीला वळसा.

तर अशा त्या मैदानावर एक दिवस धुळ्याच्या एका मोठ्या कॉलेजची जीप आली. त्या कॉलेजच्या अध्यक्षांची तेलगिरणी होती आणि त्यांना करंडकांचा सोस होता. इमारत झाली, प्रयोगशाळा झाली, आता कपाट भरायचं राहिलं होतं. त्यांनी नवीन टूम काढली होती: खेळणाऱ्या मुलामुलींना फी माफ, वसतिगृह फुकट, आणि वर दर महिन्याला खुराकाचे रोख पैसे. खुराक हा शब्द आम्ही तोवर पैलवानांबद्दल ऐकलेला. दूध, तूप, बदाम. मुलींना खुराक म्हटल्यावर गावभर आधी हशा झाला. जीपमधल्या माणसाने सरावाच्या वेळी बाभळीखाली बसून आमचा खेळ पाहिला, नंतर आमच्या ओट्यावर चहा घेतला आणि दोघींना या म्हणाला. मला आणि शमीमला.

भाऊंनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि शांतपणे नाही म्हणाले. पोरीच्या खेळाचे पैसे आम्ही घेत नाही. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला भाऊंचा! आज वाटतं, किती सोपं होतं ते त्यांना. दुकान चाललेलं, कणगी भरलेली. तो माणूस मग भिंतीपलीकडे गेला. पिंजणीचा आवाज थांबला. बराच वेळ थांबलेला राहिला, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या काळी गावात पिंजणीचं यंत्र आलं होतं. चाचा दिवसभर करायचे ते काम यंत्र चहा पिऊन होईस्तोवर करायचं. ओट्यावरच्या गाद्या कमी होत चालल्या होत्या आणि चाचांचा खोकला वाढत. मी हे रोज बघत होते, पण बघणं वेगळं, कळणं वेगळं.

दुसऱ्या आठवड्यात शमीम धुळ्याला गेली. जायच्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात आली, अक्काच्या पाया पडली आणि माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते. तांदळात खडा नव्हता, तरी मी निवडतच राहिले.

रागवले होते मी, सरळ सांगते. खेळ म्हणजे आमचा दोघींचा, त्याचा भाव कोणी केला आणि ती गेली, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आणि राग एकटा माझा नव्हता. त्या वर्षात धुळेवाल्यांनी चाळीसगावची एक, यावलची एक, शिरपूरकडच्या पावरा आदिवासी वस्तीतल्या दोघी, अशा वेचून वेचून मुली नेल्या. जिथे जी चांगली, ती धुळ्याला. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत गंमतच राहिली नाही. आधी कसं, कधी यावल जिंकायचं, कधी आम्ही, एकदा तर कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं अमळनेर जिंकलं होतं. आता धुळे येणार, धुळे मारणार, धुळे करंडक घेऊन जाणार. सोनवणे सर विकत घेतलेली टीम म्हणायचे. आम्ही त्यांच्या मुलींना खुराकवाल्या म्हणायचो, आणि तो शब्द आम्ही चांगल्या तोंडाने उच्चारत नव्हतो. विद्यापीठाकडे तक्रारी गेल्या, बैठका झाल्या. कोणी म्हणालं पैसे घेऊन खेळणारे ते हौशी कसे, कोणी म्हणालं नियमात कुठे लिहिलंय. त्यातून निघालं एवढंच की जळगावच्या एका कॉलेजनेही खुराक सुरू केला. मग आमच्यासारख्यांच्या वाट्याला काय, तर चोथा.

माझी नात ईश्वरी खो-खो खेळते. मॅटवर, बूट घालून. परवा तिला पुण्याच्या एका अकादमीकडून बोलावणं आलं. राहणं, खाणं, शिक्षण, आणि महिन्याला मानधन. खुराक हा शब्द आता गेला, मानधन आलं. तिचा बाबा, म्हणजे माझा मुलगा, आनंदाने फोनवर फोन करत होता. आणि ईश्वरीच्या संघातली एक मैत्रीण, जिला बोलावणं नाही आलं, ती जिन्यात बसून रडत होती. मी खाली भाजी आणायला चालले होते, तिच्या शेजारी जाऊन बसले. तिचंही बरोबर होतं. पैसा एका ठिकाणी गेला की खेळही त्याच्या मागे जातो आणि उरलेल्या मैदानांवर गवत उगवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि दुसरी बाजूही मी पाहिली आहे, म्हणून तर हे प्रकरण लिहायला बसले.

शमीम गेली त्याच्या पुढच्या वर्षीचे सामने धुळ्यातच, त्यांच्याच मैदानावर होते. शमीम गेल्यावर आम्ही एरंडोलच्या मुलींनी जीव तोडून सराव केला होता. चिडीचा सराव. आणि आश्चर्य म्हणजे आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. सकाळी उपांत्य सामना झाला, संध्याकाळी धुळ्याशी गाठ. करंडक आदल्या वर्षीही त्यांच्याकडेच होता. सामना बरोबरीत सुटला तर करंडक आधीच्या विजेत्यांकडेच राहील, असं आयोजकांनी सकाळीच जाहीर केलं होतं. म्हणजे आम्हाला निखळ जिंकणं भाग होतं. मला ते जिंकायचं होतंच. पैसे न घेता खेळणाऱ्या पोरी काय असतात ते शमीमला दाखवायचं होतं, तिच्या तोंडावर.

अक्का आमच्याबरोबर एस.टी.ने आली होती. टोपलीत भरीत, पुऱ्या, ठेचा, कांद्याची पात, आणि वर ओलं फडकं. आमच्या संघाची ही रीतच होती, अंतिम सामन्याच्या दुपारी अक्काच्या हातचं. मैदानाच्या कडेला निंबाखाली आम्ही गोल करून बसलो. थोड्या अंतरावर भिंतीच्या सावलीत धुळ्याच्या मुली बसलेल्या. नवे कोरे टी-शर्ट, पांढरे बूट. मी मुद्दाम पाठ करून बसले. अक्का वाढता वाढता थांबली. मला वाटलं मीठ विसरली. ती बघत होती त्या मुलींकडे. त्यांनी मिळून चहा सांगितला होता, आणि चहात बुडवायला टोस्ट. एवढंच. त्यांच्या कॉलेजने त्या दिवशी मेस ठेवली नव्हती, खुराक रोख देतोच की, म्हणून. शमीम टोस्टचा शेवटचा तुकडा बोटाने कपातून काढून खात होती.

अक्का उठली आणि टोपली उचलून सरळ तिकडे गेली. सोनवणे सर गडबडून मागे धावले. अहो अक्का, संध्याकाळी त्यांच्याशीच सामना आहे, असं ते हळू आवाजात सांगायला लागले. अक्का टोपली खाली ठेवत म्हणाली, "हारजीत तुम्ही देखा सर. भुकी पोर माले देखवस नही."

आणि तिने वाढलं. सगळ्यांना वाढलं. त्या शिरपूरकडच्या दोघी आधी लाजल्या, मग त्यांनी भरीत असं पुसून खाल्लं की कागद कोरडा झाला. शमीम मान खाली घालून जेवत होती, पुरी एका हातात, पात दुसऱ्या हातात. तीच पद्धत. अक्का तिच्यासमोर उकिडवी बसून होती. एकदा तिने शमीमचं मनगट हातात धरून पाहिलं आणि म्हणाली, खुराक खाणारी पोर अशी दिसत नाही. आमच्या मुलींना पुऱ्या कमी पडल्या. चेहरे काही लपत नाहीत.

हात धुवायला नळावर गेले तर शमीम तिथे. दीड वर्षात एक शब्द बोललो नव्हतो. मी नळ तिच्यासाठी सोडला नाही, तीही हटली नाही. शेवटी मीच विचारलं, विचारलं कसलं, बोचकारलं: एवढा खुराक मिळतो, तो जातो कुठे?

तिने चेहऱ्यावर पाणी मारलं. "घर जास," ती म्हणाली. "घर जास, म्हनीसन मी आठे शे. बंद व्हयना की माले मालेगावले दी टाकतीन."

म्हणजे पैसे सगळे घरी, म्हणूनच ती धुळ्यात, आणि ते थांबले की मालेगाव; तिथे तिच्यासाठी स्थळ आलेलं होतं. चाचांनी भावकीला थोपवून धरलं होतं ते एवढ्याच जोरावर, की पोरगी कमावते आहे, शिकते आहे, थांबा. आणि अध्यक्षांनी मुलींना बोलावून स्वच्छ सांगितलं होतं की करंडक गेला तर खुराक गेला. तिने हे सगळं अगदी साधेपणाने सांगितलं, रडगाणं नाही. वर म्हणाली, तू मात्र नीट खेळ हां, मला दया दाखवलीस तर तंगडं मोडेन. आणि ओले हात माझ्याच ओढणीला पुसून गेली, पूर्वी पुसायची तसे.

तिकडे सर संघाला गोळा करून सांगत होते, आज पैशाचा माज उतरवायचा. मी ऐकत होते आणि मला त्या मुलींचे टोस्ट दिसत होते. आम्ही ज्यांना खुराकवाल्या म्हणत होतो त्यांनी खुराक खाल्लाच नव्हता. त्यांच्या घरच्यांनी त्याचं पीठ आणलं होतं, औषध आणलं होतं. दुधातुपावर वाढलेल्या आम्ही होतो. मग अन्याय कोणी कोणावर केला? तेव्हा मला हे असं शब्दांत आलं नाही. पण एक सांगते, मैदानावर उतरले तेव्हा जिंकायची इच्छा तसूभरही कमी झाली नव्हती. तरुणपणी माणूस असाच असतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे पायांना कळत नाही.

सामना काय झाला म्हणून सांगू! धुळ्याची भरपूर माणसं जमलेली, शिट्ट्या, पत्र्याचे डबे बडवणं. शेवटच्या पाळीत आमचा पाठलाग आणि त्यांची पळती. गडी मारत मारत आम्ही बरोबरीला आलो. आणखी एक मुलगी बाद झाली की करंडक एरंडोलला. आणि मैदानात समोर कोण, तर शमीम. काय पळाली ती! साखळी करत पाटीतून अशी निघायची, जणू सुईतून दोरा. आमच्या मुली एकमेकींना खो देऊन देऊन दमल्या. सरांची नजर घड्याळावर. मग मला खो मिळाला.

मी उठले. मी पाटीच्या टोकाशी बसले होते, मावळतीच्या खांबाजवळ. शमीम माझ्या पुढेच होती, दमलेली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती खांबाकडे धावली. समोर सूर्य बुडायला आलेला, ऊन सरळ डोळ्यांत. खांबाला वळताना तिला जवळून वळता आलं असतं, दीड वर्ष त्या गुळगुळीत मैदानावर ती तशीच वळत होती, सकाळी मी स्वतः पाहिलं होतं. पण त्या क्षणी ती एक पाऊल बाहेरून गेली. तिथे दगड नव्हता. धुळ्याच्या मैदानात कसला आलाय दगड! तरी गेली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की बस्स, सापडली. आता खांबाला हात घालायचा, अंग भिरकावायचं, की ती माझ्या हातात.

आणि मीसुद्धा एक पाऊल बाहेरून गेले.

हात लांब केला तो तिच्या पाठीवरून नुसता गेला. बोटांना तिच्या टी-शर्टची झुळूक लागली, कापड नाही लागलं. शिट्टी झाली. डबे वाजायला लागले. मी तोंडावर पडले होते, तोंडात माती, आणि ती मऊ, चाळलेली माती होती. मी हाताने खांबाचा बुडखा चाचपला. खरंच काही नव्हतं तिथे.

सर माझ्याजवळ आले. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "तू तिला सोडलंस," एवढंच म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी ते ऐकलं नाही. कसं ऐकणार? सगळ्या मैदानाने पाहिलं होतं, सापडलेली मुलगी मी एका पावलाने घालवली, आणि दुपारी माझ्याच आईने त्यांना जेवू घातलेलं. मुलींनी तर विचारलंसुद्धा नाही. दगडाचं सांगावं तर कोण मानणार, जो दगड तिथे नव्हताच? आणि खरं सांगू, मलाच वाटायला लागलं, की सोडलं असेन का? नळावरचं बोलणं मनात असेल, पायात उतरलं असेल. आपलाच पाय आपल्याला ओळखू येईना, अशी गत. एस.टी.त माझ्या बाजूला कोणी बसलं नाही. अक्का होती, तिने फडक्यात माझ्यासाठी बाजूला ठेवलेली एक पुरी पुढे केली. मी खिडकीकडे तोंड करून रडले. हरले म्हणून रडले, आणि त्याहून जास्त म्हणजे कोणाला काही सांगता येईना म्हणून.

शेवटचं सांगायच्या आधी पुढचं सांगून टाकते, म्हणजे गुंता नको. शमीमचा खुराक चालू राहिला. ती बी.ए. झाली, खेळाडूंसाठी राखीव जागेवर सरकारी कचेरीत लागली आणि तिने लग्न केलं ते तिला हवं तेव्हा, सुरतेला. माझ्या लग्नात नऊवारी नेसून आली आणि सगळ्यांत जास्त जेवली. मग संसार, बदल्या, आजारपणं. तिचं घर विकलं गेलं, आमचंही. मधली भिंत कोणीतरी पाडली म्हणे. आमच्या कॉलेजचा मुलींचा संघ आमच्यानंतर पुन्हा उभा राहिला नाही. चांगली पोरगी दिसली की जीप यायची. मैदानावर आता दुकानांचे गाळे आहेत. शमीम वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही बाजारात, उडत उडत. भाजीवाल्यासमोर उभी राहून मी किती वेळ नुसती मेथी हातात धरली होती.

ईश्वरीला मी जा म्हटलं. मानधन घे म्हटलं, त्यात लाजायचं काही नाही. फक्त ते तू खा, स्वतःच्या पोटात घाल. ती हसली आणि म्हणाली, आजी, अकादमीत डाएटिशियन असतात. असू देत. तिची ती मैत्रीण अजून खालच्या मैदानावर एकटी सराव करते, खिडकीतून दिसते मला. तिला मी अधूनमधून वर बोलावते. जेवायला घालते. एवढंच येतं मला.

तर ती एस.टी. धुळ्याच्या स्टँडवरून सुटायला आली होती. कंडक्टरने घंटी दिली. तेवढ्यात कोणीतरी खिडकीच्या गजांवर थापा मारत पळत येताना दिसलं. शमीम. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, पायात एकच बूट. गाडी हलली होती, ती बरोबर पळत होती. मला वाटलं, ही आता आभार मानणार, तू सोडलंस म्हणून. ते जर तिने म्हटलं असतं तर मी तिला आयुष्यभर माफ केलं नसतं. तिने गज धरला, वर माझ्याकडे बघितलं, दम लागलेला, डोळ्यांत खट्याळपणा, आणि म्हणाली, "तुले बी म्हतारी आडवी उनी ना वं?"

मी रडता रडता हसायला लागले. अशी हसले की पुढच्या बाकावरच्या मुलींनी मागे वळून पाहिलं. हो, मलाही म्हातारीच आडवी आली, म्हणून मान हलवली. तिने गज सोडला आणि गुलालाचा हात हलवत मागे मागे राहत गेली. त्या सगळ्या गर्दीत मी खरं खेळले हे ठाऊक असलेली ती एकटीच होती, आणि आता तीही नाही.